वॉर्डात खर्ज कोणी लावला?

पहिलेच सांगून ठेवतो... मी वलगावचा, बौद्ध घरातला पोट्टा. आमच्या घरी आत्मा-बित्मा, भूत-खेत काहीच मानत नाहीत. शाळेत कोणी "त्या विहिरीवर बाई रडते" म्हटलं, की मी त्याच बाईचा आवाज काढून पोट्ट्यायले पळवत होतो. आवाज काढणं हाच माझा नाद. एसटीचा कंडक्टर, अकोला स्टेशनावरची अनाउन्समेंटवाली बाई, आमचे हेडमास्तर... कुकरची शिट्टी काढून मी मायले गॅस बंद करायले पळवलंय. तं असा माणूस हे लिहून राहिला, एवढं ध्यानात ठेवा.

अमरावतीले प्रकाशदादाचं फ्रिज-एसी रिपेरिंगचं दुकान होतं, तिथं मी कामाले लागलो. दादा ख्रिश्चन. आवाज असा भारी की बोलला तं बरणीतले स्क्रू वाजत. त्याचा गाण्याचा ग्रुप होता. गॉस्पेल, म्हणजे येशूची गाणी, पण बिनवाजाची. पेटी नाही, गिटार नाही, नुसते गळे. त्याले म्हणे 'अकापेला'.

"अकापेला म्हणजे अकोल्याच्या पुढचं स्टेशन का, दादा?"

"अबे टेप, तोंड बंद कर अन् तोंडानंच ढोलकी वाजव."

टेप म्हणजे मी, टेपरेकॉर्डर. वहिनी वरचा सूर लावे, चर्चमधला विल्सन मधला, अन् दादा एकदम खालचा — खर्ज. मी ठेका धरे. तू कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारलं नाही. नियम एकच होता : गाताना शेजारच्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा. वाजा नाही तं सूर घसरला हे समजन कसं?

"कॉम्प्रेसर चालू हाय का, हे हात लावून पाह्यतात ना?" दादा म्हणे. "कान फसते बे. हात नाही फसत."

दादाच्या पाठीवर हात ठेवला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत.

मग दादाचा घसा बसला. हळद-दूध झालं, काढे झाले. तपासलं तं कॅन्सर. अकोल्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन केलं, स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याले भोक, त्यात नळी, श्वास तिथूनच. आवाज कायमचा गेला. डॉक्टर म्हणे जीव वाचला. दादाचं तोंड पाहून तसं काही वाटत नव्हतं.

वहिनीचा फोन आला. "रविवारी ये. वॉर्डात तुह्या दादाचं आवडतं गाणं म्हणू. खर्ज तू लाव... यायच्याच आवाजात. तुले येते ना?"

येत होता. दादाच्या आवाजात मी दुकानाचा फोन उचलत होतो, गिऱ्हाईक फसत.

"वहिनी, चिडवल्यासारखं वाटन त्याले."

"वाटू दे. एकदा तरी आयकू दे यायले."

दुपारची भेटीची वेळ. आमी तिघंही मास्क लावून, वॉर्डाचा नियमच होता. दादाले टेकून बसवलं. मी खाटेवर बाजूले बसलो. सवयीनं त्याचा हात माझ्या पाठीवर आला, माझा त्याच्या.

वहिनीनं सूर दिला. मी छाती भरून श्वास घेतला... तोंड उघडलं. फुस्स बी निघालं नाही.

अन् खर्ज लागला.

पूर्ण. दादाचा. खाटेजवळचा स्टीलचा ग्लास थरथरला. वहिनीनं डोळे मिटले. विल्सननं डोळ्यांनीच मले 'वा बेट्या' म्हटलं. पण मी गात नव्हतो! मले वाटलं, दादाच... पण माझा हात त्याच्या पाठीवर होता. पाठ गपगार. नळीतून नुसती हवा, सुं... सुं...

दादानं माझ्या पाठीवरचा हात उचलला. हाताकडे पाह्यलं. परत ठेवला. त्याले समजलं, हे मशीन बंद हाय. गाणं संपेपर्यंत तो माझ्याकडे पाहत होता. त्या डोळ्यांची नक्कल मले कधीच जमणार नाही.

पेशंटायनं टाळ्या वाजवल्या. वहिनीनं माझे दोन्ही हात धरले. "तू हायस तोवर यायचा आवाज हाय रे बाबू." दादा मान हलवत होता — नाही, नाही. तिले वाटलं भरून आलं. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाहेर आल्यावर मी सांगितलं, "वहिनी, मी गायलोच नाही."

"आता मस्करी नको करू, बाप्पा."

विल्सननं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलतं. खर्ज साफ ऐकू येते. माझ्या तोंडावर मास्क. सिद्ध काय करू? जन्मभर लोकायले फसवलं, खरं बोललो तं कोण ऐकते.

दादा घरी आला, पण गाणं बंद. वहिनी गुणगुणली तरी हातानं थांबवे. एकदा दुकानात त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला अन् खूण केली — काढ. मी त्याचा आवाज काढायले गेलो. जो आवाज मी चहा पिता पिता काढत होतो, तो आलाच नाही. माझाच फाटका आवाज आला. तो हात ठेवून वाट पाहत राह्यला. मग हात काढला अन् पाना उचलला.

आवाज मेला असता तं त्यानं सोसलं असतं, असं मले वाटते. पण तो कुठंतरी होता, त्याच्याबिगर... अन् त्याच्याकडे येत नव्हता.

कॅन्सर परत आला. दादा गेला.

कब्रस्तानात वहिनी म्हणाली, "टेप, खर्ज."

मी तोंड उघडलं. काहीच नाही. आपोआप लागन म्हणून बी थांबलो. वहिनी अन् विल्सनचे सूर वरच्या वर लटकत राह्यले, खाली कोणीच नाही. तिनं गाणं अर्ध्यात सोडलं.

गेटपाशी तिनं मले गाठलं. "वॉर्डात काढला, मग मातीच्या वेळेले काहून नाही? एवढं बी नाही झालं तुझ्यानं?"

ग्रुप मोडला, दुकान विकलं. आता वहिनी रस्त्यात दिसली की बाजू बदलते.

कॉमेंटमधे 'भास' लिहू नका, भास मोबाइलमधे भरता येत नाही. 'आत्मा' बी लिहू नका, दादा जिवंत माझ्या बाजूले बसला होता. मग कोण गायलं? मले नाही माहीत. दुसऱ्याच्या दुकानात मी अजून फ्रिजच दुरुस्त करतो. कॉम्प्रेसरले हात लावला की चालू हाय का बंद, हे समजते. बस, तेवढंच समजते.