बसलेल्यांची मोजणी

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी एक वाजता जपानमधल्या सेंदाई शहरातल्या एका विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना सुरू झाला. त्या वेळी यजमानांच्या स्टँडमध्ये बासष्ट माणसं बसलेली होती, समोरच्या पाहुण्यांच्या स्टँडमध्ये पन्नास. मोजणी मी केली. त्या पन्नासांपैकी एकेचाळीस जण मराठी होते आणि ते चुकीच्या बाजूला बसले होते.

त्याआधी मी पुण्यात एका दैनिकात अकरा वर्षं काम केलं होतं. सभेला आयोजक गर्दीचा एक आकडा सांगत, पोलीस दुसरा, आणि आम्ही खुर्च्यांच्या रांगा मोजून तिसरा छापत असू. नवऱ्याच्या संशोधनामुळे सेंदाईला आल्यावर विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात मला अर्धवेळ काम मिळालं. मुलाखतीत विभागप्रमुखांनी या तिसऱ्या आकड्याबद्दल दोनदा विचारलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्या हातात अंगठ्यानं दाबायचा काउंटर ठेवला. सामन्यांचे प्रेक्षक मोजायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं.

मोजणीचे नियम एका कागदावर होते. मोजणी तिसऱ्या क्वार्टरमध्ये करायची, म्हणजे मध्यंतर संपल्यावर. फक्त बसलेल्यांना मोजायचं. गणवेशातल्यांना मोजायचं नाही.

गणवेशातले म्हणजे प्रोत्साहन देणारं पथक. इथल्या बऱ्याच विद्यापीठांत असं पथक असतं. आमच्या पथकात चौदा विद्यार्थी होते, एक मोठा ढोल, दोन ट्रम्पेट आणि एक झेंडा. झेंडा धरायला दोघं लागत. सगळे गळ्यापर्यंत बटणं लावलेले लांब काळे कोट घालत. सामना चालू असताना पथक मैदानाकडे पाठ करून उभं राहतं, कारण प्रोत्साहन प्रेक्षकांकडून काढायचं असतं. पथकाची प्रमुख शेतकी शाखेत चौथ्या वर्षाला होती. चार वर्षांत तिनं एकाही सामन्याला दांडी मारली नव्हती आणि एकही सामना पाहिला नव्हता.

"मग गुण झाला हे कळतं कसं?" मी एकदा विचारलं होतं.

"चेहऱ्यांवरून," ती म्हणाली. "आधी तोंडं उघडतात. कोणाचा गुण झाला ते त्यानंतर कळतं."

त्या उन्हाळ्यात विभागानं नोटीस काढली होती. हंगामातल्या शेवटच्या सामन्याला यजमान स्टँडमध्ये शंभर प्रेक्षक आले नाहीत, तर एप्रिलपासून, म्हणजे नव्या शैक्षणिक वर्षापासून, पथकाची मान्यता आणि खोली जाईल आणि प्रोत्साहन लाउडस्पीकरवरून दिलं जाईल. त्यासाठी लागणारं ध्वनिमुद्रण पथकानंच करून द्यायचं होतं. त्यांनी ते सप्टेंबरमध्ये दोन दिवसांत करून दिलं. टाळ्या कमी वाटल्या म्हणून तिसऱ्या दिवशी येऊन टाळ्या पुन्हा दिल्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला प्रमुख माझ्या टेबलापाशी आली. ढोल वाजवणारा तिसऱ्या वर्षाला होता. पथक त्याच्या हाती सोपवून जायचं तिच्या मनात होतं, पण सोपवायला पथक राहील की नाही याची खात्री नव्हती.

"तुमच्या ओळखीचे कोणी येतील का?" तिनं विचारलं.

मोजणारीनंच प्रेक्षक बोलावणं चालेल का, हे मी विभागप्रमुखांना विचारलं. त्यांनी दोन दिवस विचार केला. "नियमात मनाई नाही," ते म्हणाले. "फक्त मोजणाऱ्यानं स्वतःला मोजू नये." हे कागदावर नव्हतं. मी वहीत टिपून ठेवलं.

त्याच संध्याकाळी मी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. दिवस, वेळ, सबवेचं स्टेशन, बसचा थांबा, मुख्य गेट, प्रवेश मोफत, आवाज करायला काही असेल तर आणावं. कोणत्या बाजूला बसायचं हे मी लिहिलं नाही. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे काका म्हणतात, धातुशास्त्राचे प्राध्यापक आहेत. सेंदाईत त्यांना तीस वर्षं झाली आहेत. त्यांनी एकच शंका विचारली: "खाणं आपलं ना?" रात्रीपर्यंत लहान मुलं धरून एकेचाळीस जणांनी होकार कळवला. बासष्ट आणि एकेचाळीस मिळून एकशे तीन झाले असते.

सामन्याच्या दिवशी हवा सात अंशांवर होती आणि पश्चिमेच्या डोंगरांकडून वारा येत होता. यजमान स्टँड पश्चिमेला आहे, वर छप्पर आहे. दुपारी तिथे सावली पडते. पाहुण्यांचा स्टँड पूर्वेला, उघडा. तिथे ऊन असतं.

एक वाजून दहा मिनिटांनी मी काकांना फोन केला.

"काका, पोचलात का?"

"केव्हाच. समोर बघ, हात हलवतोय."

मैदानापलीकडे एक हात हलत होता.

"काका, ती पाहुण्यांची बाजू आहे."

"असेल. पण ऊन इकडे आहे."

"आपण त्यांच्या बाजूचे नाही ना."

"अगं, आपण कोणाच्याच बाजूचे नाही. तिकडे एक मिनिट टेकलो तर बाकडं बर्फासारखं. पोरं गारठली असती. तू पण ये इकडे, थालीपिठं आहेत."

फोन बंद झाला. पाहुण्यांचं विद्यापीठ दुसऱ्या प्रांतातलं होतं. त्यांच्याबरोबर पाच जणांचं पथक आणि खेळाडूंचे आईवडील मिळून नऊ प्रेक्षक आले होते. मोकळ्या स्टँडमध्ये एकाएकी एकेचाळीस माणसं येऊन बसलेली पाहून ते पाचही जण कमरेतून वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी प्रत्येकाला पिवळा कागदी पंखा, कोंबिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातला, बाटलीबंद गरम चहा आणि घोषणांचा छापील कागद दिला. आमच्या मंडळींना गणपतीच्या आरतीत ठेका धरायची सवय आहे. आवाज करायला म्हणून त्यांनी झांजा आणल्या होत्या. पहिलं क्वार्टर संपेपर्यंत पाहुण्यांच्या घोषणा त्यांना पाठ झाल्या होत्या आणि झांजांचा आवाज बसथांब्यापर्यंत ऐकू जात होता. यजमान स्टँडमधल्या बासष्ट जणांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

प्रमुखाची पाठ मैदानाकडे होती. हात वर धरूनच तिनं मला विचारलं, "मागे कोण आहे?"

"माझे लोक."

"किती?"

"एकेचाळीस."

तिनं हात खाली घेतले नाहीत. ढोल चालू राहिला.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं होतं. मैदान ओलांडायची परवानगी नसते. बाहेरच्या रस्त्यानं वळसा घालून सात मिनिटांत मी पूर्वेच्या स्टँडमध्ये पोचले आणि मंडळींना नियम, आकडा आणि मोजणीची वेळ सांगितली.

"एवढंच ना? मग उठा," काका म्हणाले. कोणी उठलं नाही.

"उठा काय?" काकू म्हणाल्या. त्या काकांच्या पत्नी. "त्या मुलांनी हातात पंखे दिले, चहा पाजला. माझ्या पाठीला वारा लागतोय म्हणून एकानं स्वतःची शाल दिली. आता समोर जाऊन त्यांच्याविरुद्ध टाळ्या पिटायच्या? बरं दिसतं का?"

"लग्नात नाही का आपण मुलीकडे जेवून मुलाकडच्या फोटोत उभे राहतो?" काका म्हणाले.

"तिथे कोणी यंत्र घेऊन मोजत नाही."

"मग निम्म्यांनी जाऊ या."

"निम्मे कोण? चहा सगळ्यांनी घेतलाय."

पाहुण्यांच्या पथकाचा प्रमुख पायऱ्यांवर उभा होता. मराठी त्याला कळत नव्हतं, पण काहीतरी अडलंय हे कळलं असावं. त्यानं मला विचारलं. जे ठरलेलं होतं तेवढंच मी सांगितलं: शंभर, तिसरं क्वार्टर, एप्रिल, लाउडस्पीकर. लाउडस्पीकर हा शब्द ऐकल्यावर त्यानं आपल्या चौघांकडे पाहिलं.

सामना संपल्यावर दोन्ही पथकं एकमेकांच्या विद्यापीठाच्या नावानं घोषणा देतात, अशी इथली रीत आहे. आपल्या जागेवरून समोरच्यांसाठी ओरडायचं. तो म्हणाला, आज हे मध्यंतरातच करावं, आणि आज थंडी असल्यामुळे समोर जाऊन करावं. पाहुण्यांच्या पथकानं प्रेक्षकांसह यजमानांकडे जावं, हा पाहुण्यांकडून मान झाला. त्यात कोणी बाजू बदलत नाही.

मी हे मराठीत सांगितलं. काकूंनी लगेच शाल अंगावर नीट घेतली. "असं असेल तर चला," त्या म्हणाल्या.

निघायला आठ मिनिटं लागली. थालीपिठांचा फॉइल, कागदी बशा आणि चहाच्या बाटल्या वेगवेगळ्या पिशव्यांत गेल्याशिवाय जागा सोडता येत नव्हती. बाटल्यांची झाकणं आणखी वेगळी. एका खेळाडूचे वडील सामान राखायला मागे थांबले. बाकीचे आठ आईवडील आमच्याबरोबर आले. पुढे पाच काळे कोट आणि झेंडा, मागे झांजा, दोन बाबागाड्या आणि डबे.

वळशाच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नल आहे. तो लाल होता. आम्ही सगळे थांबलो.

"गाडी एक नाही रस्त्यावर," मागून कोणीतरी म्हणालं.

"लाल आहे," काका म्हणाले.

"काका, शिट्टी ऐकलीत का? तिसरं क्वार्टर सुरू झालं."

"तरी लाल आहे."

झेंड्याच्या काठीचं टोक रस्त्यावर पुढे येत होतं. पाहुण्यांच्या प्रमुखानं ते मागे घ्यायला लावलं.

दोन वाजून सव्वीस मिनिटांनी आम्ही यजमान स्टँडमध्ये पोचलो. मैदानाकडे पाठ असल्यामुळे आम्ही आत येताना पहिल्यांदा प्रमुखालाच दिसलो. पाच जण पायऱ्यांवर रांगेत उभे राहिले आणि त्यांनी यजमान विद्यापीठाच्या नावानं घोषणा दिली. मंडळींनी झांजा वाजवल्या. मैदानावरच्या काही खेळाडूंनी मान वळवून पाहिलं.

सगळे उभे होते. उभ्यांना मोजता येत नाही.

"कृपया बसा," प्रमुख म्हणाली. "मोजणी आहे."

सगळे बसले. बाकं थंड होती. ते अनेकांनी मराठीत सांगितलं. मी दक्षिणेच्या टोकापासून मोजायला सुरुवात केली. थंडीमुळे मध्यंतरात बारा जण घरी गेले होते. आधीच्यांपैकी पन्नास उरले होते. मराठी एकेचाळीस. आईवडील आठ. काउंटरवर नव्याण्णव आले. मी उत्तरेच्या टोकापासून पुन्हा मोजलं. नव्याण्णव.

प्रमुख माझ्याकडे पाहत होती. चेहरे वाचायची तिला सवय होती.

"किती कमी?"

"एक."

"तुम्ही बसलात तर?"

"मला स्वतःला मोजता येत नाही."

तिनं मागच्या रांगेतल्या काकांपासून पुढच्या बाबागाडीपर्यंत सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग कोटाची बटणं वरून सोडायला सुरुवात केली. सात बटणं होती, पितळेची. कोट घडी करून तिनं ढोल वाजवणाऱ्याच्या हातात दिला आणि पांढऱ्या शर्टात पहिल्या रांगेत येऊन बसली. ढोल थांबला. पाहुण्यांचा प्रमुख तिच्या जागी जाऊन उभा राहिला, मैदानाकडे पाठ करून, आणि त्यानं यजमानांच्या प्रेक्षकांसमोर दोन्ही हात वर केले. ढोल पुन्हा सुरू झाला.

मी काउंटर दाबला. शंभर. वेळ दोन एकतीस.

ती मैदानाकडे पाहत होती. खेळाडू एकमेकांवर आदळले, पडले, उठले आणि घोळक्यात जाऊन उभे राहिले. काही वेळानं पुन्हा आदळले.

"हे दर वेळी असे थांबतात?" तिनं विचारलं.

"हो."

"पूर्ण सामनाभर?"

"हो."

"मला वाटायचं," ती म्हणाली, "लोक मध्येमध्ये कंटाळतात ते माझ्यामुळे."

काकूंनी तिला शाल आणि अर्धं थालीपीठ दिलं. ते तिनं खाल्लं. चार मिनिटांनी ती उठली, शाल परत केली, कोट घालून सातही बटणं लावली आणि आपल्या जागी गेली. त्या चार मिनिटांत कोणाचाही गुण झाला नाही. पाहुणे आपल्या स्टँडकडे परतले. मंडळी मात्र आता इथून उठणं बरं दिसणार नाही म्हणून सावलीतच बसून राहिली.

शेवटच्या क्वार्टरमध्ये पाहुण्यांनी टचडाउन केलं. काका सवयीनं उभे राहून झांजा वाजवू लागले. काकूंनी त्यांना कोटाला धरून खाली ओढलं. प्रमुखाला गुण कोणाचा झाला ते त्यावरून कळलं. सामना पाहुण्यांनी सात-शून्य असा जिंकला.

सोमवारी सकाळी मी तक्ता विभागप्रमुखांपुढे ठेवला. आकड्याच्या रकान्यात शंभर होतं. शेऱ्यात मी लिहिलं होतं की यांपैकी आठ जण पाहुण्या खेळाडूंचे पालक, एकेचाळीस जण दोन सव्वीसपर्यंत समोरच्या स्टँडमध्ये होते, एक जण पथकाची प्रमुख, मोजणीच्या वेळी गणवेशात नव्हती.

त्यांनी शेरा दोनदा वाचला.

"किती वेळ बसली होती?"

"चार मिनिटं."

"आणि तुम्ही स्वतःला मोजलं नाही?"

"नाही."

त्यांनी नियमांचा कागद काढून पाहिला. किती वेळ बसलं पाहिजे, हे त्यात नव्हतं. त्यांनी तक्त्यावर शिक्का मारला. मग नियमांच्या कागदावर शेवटी एक ओळ हातानं लिहिली, की मोजणाऱ्यानं स्वतःला मोजू नये, आणि त्यावरही शिक्का मारला.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी पथकाच्या खोलीची किल्ली ढोल वाजवणाऱ्याच्या नावावर लिहिली गेली. नोंद मी केली.