सासूबाईंच्या टिकल्या आणि माझा नवा डेस्कटॉप

समस्त जावईवर्गास अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सासुरवाडीच्या चालत्या कॉम्प्युटरला हात लावू नये. हे शहाणपण मला नाशिकच्या सिडकोत, दोन हजारचं दशक सरता सरता, भर दुपारी घाम गाळून मिळालं.

त्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स मीच घातलं होतं. सासूबाईंना पडद्यावरची अक्षरं बारीक दिसत, म्हणून त्यांनी मॉनिटरच्या काचेवर स्वतःच्या टिकल्या चिकटवल्या. मेलच्या चित्रावर लाल, गाण्यांच्या चित्रावर हिरवी. कॉम्प्युटर बंद करायची खिडकी मधोमध उघडे, तिच्यातल्या बटणावर काळी. टिकलीखाली बाण न्यायचा आणि क्लिक करायचं. वर्षभर बिनबोभाट चाललं.

मग एका रविवारी मला हौस आली. लिनक्सची नवी आवृत्ती आली होती आणि तिचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरचा सगळा थाट, कसा झळझळीत, काचेसारखा! सासूबाई श्रीखंड फेटत होत्या तेवढ्यात मी तो घालून मोकळा. टाळ्यांची वाट बघत उभा होतो, तर फोन वाजला. परदेशातल्या मेहुणीला आठवड्यापूर्वी मुलगी झाली होती. पहिला फोटो तिने आत्ता मेलवर पाठवला होता.

सासूबाई हात पुसून, चष्मा लावून बसल्या. लाल टिकलीखाली निळं आकाश.

"जावईबापू, माझं टपाल कुठंय?"

नव्या डेस्कटॉपवर चित्रं मोकळी ठेवताच येईनात. सगळी एका पारदर्शक चौकटीत कोंडलेली. एक ओढावं तर अख्खी चौकट चालू लागे. तासभर मी तिच्यामागे, आणि माझ्या पाठीमागे सासूबाईंचा श्वास.

"टिकल्या थोड्या सरकवू का?"

"टिकल्या जागच्या जागी आहेत. सरकलंय ते तुमचं."

"मग पासवर्ड सांगा, मीच उघडून देतो."

"नात माझी आहे. मी उघडणार."

सासरे ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "चालतं मशीन उघडायचं नसतं. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

शेवटी स्कूटर काढली, पंचवटीतल्या घरून जुनी सीडी आणली आणि गुपचूप जुनाच डेस्कटॉप घातला. जुना, मळका, पण सांगाल तिथे बसणारा. सासूबाई एकेक चित्र बसवून घेत होत्या: "वर. अजून वर. हं, डावीकडे." लाल टिकलीखाली मेल आलं. त्यांनी पासवर्ड टाकताना मला भिंतीकडे तोंड करायला लावलं.

वळून बघतो तो पडदाभर बाळ. मिटलेले डोळे, आणि गालावर मधोमध ती काळी टिकली. फोटो नीट दिसावा म्हणून मी टिकली नखाने उचलायला गेलो, तोच पेपर फेकून सासरे ओरडले,

"अहो, काढू नका! तीट आहे ती!"