डबक्याकाठचे सर

आमच्या गल्लीत विज्ञान शिकवणारे एक सर राहत. पावसाळ्यात रोज संध्याकाळी ते गल्लीमागच्या डबक्याकाठी घड्याळ घेऊन उभे राहत आणि बेडूक मिनिटाला किती वेळा ओरडतो ते मोजत. शेजारी उभं राहून मी मोजलं, तर माझा आकडा हमखास चुकीचा ठरे. "जाड आवाजाचा नर जागा धरतो, मादी त्याच्याकडं जाती," ते समजावत. "बारका नर तोंड न उघडता त्याच्याच बाजूला बसून राहतो, अन् येणारी मादी मधेच गाठतो. लय हुशार."

नामांतराचं आंदोलन पेटलं त्या वर्षी त्यांच्याच शाळेतल्या एका बौद्ध मास्तरांनी गल्लीत खोली ठरवली. घरमालक राजी होता. पण गल्ली जमली आणि आमच्यातल्या सर्वांत दांडग्या जमीनदारानं चढ्या आवाजात नकार दिला. आम्ही अकरा जण होतो, मला धरून. घरमालक सरांकडे वळला.

"सर, तुमच्यासंगं डबा खातेत ते. तुमीच सांगा, माणूस कसा हाय?"

सर जमीनदाराला खेटून बसले होते. त्यांनी बोट वर केलं, डबक्याकडे कान दिला आणि म्हणाले, "ऐका, आज मिनिटाला सतरा भरायलेत."

दोघे-तिघे हसले. बाकीच्यांना सुटल्यासारखं झालं, मलाही. खोली रिकामीच राहिली.

मास्तर नऊ किलोमीटरवरच्या खेड्यातून रोज सायकलीनं शाळेत येऊ लागले.

"तब्येत सुधरली त्यांची," सर मला कौतुकानं सांगत. "सायकलीसारखा व्यायाम न्हाई."