पांढऱ्या पेटीवरचा भरोसा

लातूरला आमच्या हॉस्टेलच्या मागं हवामान खात्याची पांढरी लाकडी पेटी होती, आत थर्मामीटर. रोज तिथं तापमान बघायला येणाऱ्या माणसाला आम्ही नीट परीक्षेची तयारी करणारी पोरं मामा म्हणायचो. लई अजब माणूस! पेटी उघडायच्या आधी गमछ्यानं नाकतोंड झाकायचे. का, तर आपल्या श्वासानं पारा चढंल!

"मामा, एवढं तर आम्ही पेपरला बी घाबरत न्हाई," मी चिडवायचो.

"तुमचा पेपर पुढल्या साली परत देता येतो, बाळा. आजचं ऊन परत येत न्हाई."

मग हॉस्टेलनं पेटीच्या बाजूच्या भिंतीला एसी लावले. गरम हवा सरळ पेटीवर. मामांनी मालकाला लई विनवलं, उपयोग झाला न्हाई. मे महिन्यात पारा असा चढला की टीव्हीवालेच आले, विक्रम झाला म्हणे! आम्ही कॅमेऱ्यासमोर जायला केस विंचरून तयार. मामा मात्र त्यांना म्हणाले, "हा आकडा धरू नका. ही एसीची गरमी हाय."

खात्यातल्या साहेबाला बी त्यांनी तेच कळवलं. मग जागा बिघडली म्हणून पेटीच बंद झाली, अन मामांची बदली हदगावला. भूकंपाच्या सालापासून सांभाळलेली पेटी!

मला राहवलं न्हाई. "मामा, ऊन तर खरंच वाढून राहिलंय. एक आकडा राहिला असता तर काय बिघडलं असतं?"

"खरंच वाढून राहिलंय, म्हणूनच," मामा म्हणाले. "हा एक खोटा निघाला, तर लोक बाकीचे खरे बी मानणार न्हाईत."