कॉलर नीट करण्याचा सीन

"सर, काजल मागे सरकतेय," प्रशांतने व्हिडिओ थांबवला.

आमचा सुरतेतला ॲनिमेशन स्टुडिओ साडीवाल्यांसाठी छोट्या जाहिराती करतो. कार्टूनमधला माणूस खऱ्यासारखा हलावा म्हणून आधी आमच्यातलेच दोघं कॅमेऱ्यासमोर तो सीन करतात. याला रेफरन्स म्हणतात. मग प्रशांतसारखा ॲनिमेटर तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत त्यावरून चित्रं काढतो.

या जाहिरातीतला नायक पन्नाशीचा विधुर, नायिका पंचविशीची. ती पुढे होते आणि त्याची कॉलर नीट करते. पहिला भाग लोकांना आवडला होता. "वय काय बघायचं, प्रेम बघा," अशा कमेंट आल्या होत्या.

नायिकेचा रेफरन्स काजलने दिला. ती आमच्याकडे लेआउट करते, वय सव्वीस. नायकाचा मी दिला. मी एक्कावन्न वर्षांचा, स्टुडिओचा हेड, घरी बायको. उंची माझीच जुळते, असं मी सगळ्यांना सांगितलं. प्रशांतही माझ्याएवढाच उंच आहे. सीन पहिल्याच टेकला चांगला झाला होता, तरी मी पुन्हा पुन्हा करायला लावला. ती हसत होती. तिलाही आवडतंय, असं मी धरून चाललो.

व्हिडिओत हात कॉलरकडे येत होता आणि त्याच वेळी तिचा पाय मागे जात होता. प्रत्येक टेकमध्ये.

"पायाचं काय करू, सर?"

"पुढे घे. हिरॉईन मागे कशी जाईल?"

प्रशांतने पाय पुढे घेतला. गालांवर थोडी लाली चढवली. आमचे क्लायंट जितुभाई खूश झाले. "बहु सरस! आणखी भाग बनवा."

ते ऐकून काजल माझ्या केबिनमध्ये आली. दार तिने उघडंच ठेवलं.

"सर, पुढचे रेफरन्स मी तुमच्यासोबत करणार नाही. चालत नसेल तर सांगा, मी दुसरीकडे बघते."

"अगं, कार्टून आहे ते. लोकांना आवडलंय."

"कार्टूनमधल्या बाईला उद्या तुमच्याकडे रजा मागायची नसते, सर."

ती भेस्तानच्या कामगार वस्तीतून येते. वडील धुळ्याकडून येऊन लूमवर लागलेले. या नोकरीसाठी तिने त्यांना कसंबसं तयार केलं होतं. आता ती सोडली असती, तर खरं कारण घरी सांगता आलं नसतं.

मग हसत का होतीस, हे माझ्या ओठांवर आलं. विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं. माझ्या साहेबांसमोर मीही असाच हसत आलो आहे.

"नको करूस," मी म्हणालो. "चूक माझी होती."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

पुढचा रेफरन्स प्रशांतने पोटाला उशी बांधून दिला. "ओ आजोबा, मान सरळ ठेवा की!" काजलने त्याला सगळ्यांदेखत झापलं. एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. जितुभाई मला म्हणाले, "केम, हीरो रिटायर?" मी हो म्हणालो.

काजल टिकली. माझ्याशी कामापुरतं बोलते. जाहिराती अजून चालतात. नायिकेचं त्या पन्नाशीच्या माणसावर प्रेम आहे, कारण आम्ही तसं काढलंय.

हेडने रेफरन्सला उभं राहायचं नाही, असा आता आमच्याकडे नियम आहे. साधा नियम. तो माझ्या डोक्यात यायला एका मुलीला नोकरी सोडायची तयारी करावी लागली.