सुपरवायझरची रजा

गौरी आल्या की आमच्या बेळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायकांना एकदम पाठदुखी, डोकेदुखी, घरची आजारपणं सुरू व्हायची. एक्स्चेंजला काही सुट्टी नसते. मग कॉल जोडायला बोर्डावर कोण? तर आम्ही दोघी, कारण आम्ही बौद्ध. "तुला कुठं गौर बसवायची हाय? बस की गं!" हे इतक्या लाडानं म्हणायच्या, की नाही म्हणायची सोय नसायची. चौदा एप्रिलला आम्ही जयंतीची रजा मागितली की मात्र सगळ्यांनाच कामाचा ताण आठवायचा. मला याचा भयंकर राग यायचा.

ऐंशीनंतर कधीतरी मला तात्पुरती सुपरवायझर केलं. त्या खुर्चीत बसलेली मी पहिली बाई. साहेब म्हणाले, "जमलं तर कायम करू." खासबागच्या एक आक्का माझ्याहून सीनियर होत्या, पण पोराबाळांच्या धबडग्यात त्यांची खात्याची परीक्षा राहून गेली होती. त्या माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. मला ती खुर्ची इतकी हवी होती, की चहालासुद्धा मी उठत नसे.

त्या वर्षी गौरीला मागेल तिला रजा दिली, अट एकच: चौदा एप्रिलला तुम्ही बसायचं. एप्रिल लांब होता, सगळ्या "व्हय, व्हय" म्हणाल्या. प्रत्यक्ष एप्रिल उजाडला तेव्हा तोंडं वाकडी झाली, पण मी बधले नाही. माझ्या जोडीदारणीला रजा मिळाली. आणि मला? खुर्ची कुणाच्या हाती द्यायची? काही बिघडलं तर नाव माझं जाणार. आणि माझ्यावाचून सगळं नीट चाललं तर? ती भीती त्याहून मोठी होती.

निपाणीला आई विड्या वळायची. रविवारी गेले तेव्हा तिला सांगितलं, यंदाही जमायचं नाही. विडी वळणारा हात न थांबवता ती म्हणाली, "सायबीण झालीस आनि जयंतीला यायची सोय न्हाय? मग हुतीस तेच काय वाईट हुतं?"

ते मला लागलं. सोमवारी जाऊन आक्कांनाच विचारलं, "एक दिवस चार्ज घेता?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "खुर्चीत बसायचं, का बाजूला स्टूल घिऊन?"

"खुर्चीत."

"मग जा."

जयंतीला निपाणीत मिरवणूक निघाली. आई पांढरं लुगडं नेसून पुढं, मी तिच्या मागं घोषणा देत. घसा बसला, तरी मी खुशीत होते. दुपारी मात्र राहवेना. निपाणीच्या एक्स्चेंजमध्ये ओळख होती, तिथून बेळगावला लाईन लावून घेतली.

"आक्का, सगळं ठीक आहे ना?"

"कोन, तू? रजेवर हायस न्हवं?" मागं कुणीतरी मुंबई लागत नसल्याचं ओरडत होतं. "पुण्यावरनं घे म्हनावं!" हे तिला. मग मला, "लई गर्दी हाय. लाईन अडवून बसू नगंस. ठेव."

मी ठेवला. बाहेर आई उभी होती. "काय म्हनलं हापिस?"

"ठेव म्हणालं," मी म्हटलं आणि मला हसू आवरेना. पुढं साहेबांनी मला कायम केलं, आणि परीक्षा देऊन आक्काही माझ्यानंतर त्याच खुर्चीत बसल्या. पण त्या खुर्चीची काळजी माझ्या डोक्यातून गेली ती त्या दुपारी, फोन ठेवल्यावर. आईचा हात धरून मी परत मिरवणुकीत शिरले आणि संध्याकाळपर्यंत बेळगावची आठवणसुद्धा काढली नाही.