हातांनी बोलायचा फोन

जिजी फोनवर बोलायची तेव्हा आवाज होत नसे. ओट्यावरच्या पाण्याच्या पिंपाला फोन टेकवून ती समोर मांडी घालून बसायची आणि दोन्ही हातांनी बोलायची. पलीकडे सुरतेला तिची मुलगी रंजना असायची. रंजनाला जन्मापासून ऐकू येत नाही. ती शाळेतही गेली नाही, त्यामुळे मायलेकींची खुणांची भाषा त्यांनी घरातल्या घरातच तयार केलेली. ओठांवरून मिशी ओढली की भाऊ, नाकातल्या चमकीच्या जागी बोट लावलं की आई. रंजना लग्न होऊन गेल्यावर या गप्पा फक्त दिवाळीला, ती माहेरी आली की होत. मग जिजीच्या मुलाने, आप्पाने, आपला जुना स्मार्टफोन आईला दिला आणि तो वापरायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

नंदुरबारजवळच्या कोरीटला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. शाळेत इंग्रजी, घरात मराठी, गल्लीत अहिराणी, आणि तिन्हींत मी कमीच बोलायचे. जिजी आल्यागेल्याला सांगायची, "हाई पोर पेपरनी बातमीसारखी बोलस. ते बी कधी मधी." पण शिकवायला तिने मलाच निवडलं. आप्पा शिकवताना ओरडतो म्हणे.

फोनचं कुलूप तिला लगेच आवडलं. नऊ ठिपके पाहून म्हणाली, हे तर येतं मला. रोजच्या रांगोळीची सुरुवात तिने बोटाने ओढली. अडचण एवढीच, की ती कोणासमोरही ओढून दाखवायची. मी सांगितलं, हे कोणाला दिसू द्यायचं नसतं. "रांगोळी काय लपाडानी चीज शे का?" तिने विचारलं. पण पुढे ती फोन पदराखाली नेऊन उघडू लागली.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक नंबराला आम्ही फोटो लावला. ज्यांचा फोटो मिळाला नाही त्यांना त्यांची खूण लावली. मावसभावाला विहीर, एका नणंदेला म्हैस. यावरून तिनेच नियम केला, "वळखीनं तोंड नही, तं हात लावना नही." हा नियम तिने रंजनालाही शिकवला. तोंडाभोवती बोट फिरवायचं, मान हलवायची आणि स्वतःच्याच हातावर चापट मारायची.

नियम होण्याआधी मात्र तिने एक अनोळखी फोन घेतला होता. तुमचं कार्ड बंद होतंय, त्यावरचा नंबर सांगा, असं कोणी माणूस हिंदीत सांगत होता. जिजीने त्याला गाव विचारलं, कोणाचा मुलगा ते विचारलं, शेवटी "तुन्ही माय कशी शे?" असंही विचारलं. त्याने फोन ठेवला. "वाह्यात पोऱ्या," जिजी म्हणाली, "माय कशी शे ते बी सांगत नही." मी विचारलं, नंबर सांगितला का? "माले कुठे आकडा येतस?"

लग्नसराईत एकदा विहिरीवरून पत्रिका आली, म्हणजे प्रकाशा गावच्या मावसभावाच्या नंबरावरून. तोंड ओळखीचं होतं. आमच्याकडे पत्रिका घेऊन आलेल्याला दारात उभं ठेवत नाहीत, आणि न उघडलेली पत्रिका तिला तशीच वाटली. तिने उघडली. फोनने काही विचारलं, तिने हो केलं. पत्रिका काही दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पत्रिका जिजीच्या नंबरावरून सगळ्या नातेवाइकांकडे गेलेली होती आणि आप्पाला फोन येऊ लागले. "कोनं लगीन शे? तू दुसरं करी ऱ्हायना का?"

पत्रिकेच्या नावाने चोरांचं ॲप फोनमध्ये शिरलंय हे आप्पाने ओळखलं. त्याने तिच्या फोनचं इंटरनेट बंद केलं, सिम काढलं आणि पैसे जाऊ नयेत म्हणून बँकेत जाऊन खातं थांबवून आला. मग सिम जुन्या बटणाच्या फोनमध्ये घातलं आणि म्हणाला, "आते हाऊच वापर. तो फोन बंद."

"मंग रंजीसंगे मी कशी बोलू?" जिजीने विचारलं.



थोड्या वेळाने ती बटणाचा फोन घेऊन ओट्यावर बसली. मला म्हणाली, त्या फोनमधलं पाहून एकेक नंबर लाव. ज्याला ज्याला पत्रिका गेली त्याला सांगायचं होतं. आप्पाला ते पटेना. "गावभर डंका कशाले पिटस? लोके इसरी जातीन." खरं तर मलाही वाटत होतं की एखादा मेसेज टाकून मोकळं व्हावं.

"लाज कसानी?" ती म्हणाली. "चोरी मी करी का? लाव, म्हैस लाव."

मी लावत गेले. प्रत्येकाची तब्येत विचारून झाल्यावर ती सांगायची, "मी फसनी. ती पत्रिका उघाडू नको. लगीन बिगीन काही नही." समोरच्याने ते परत म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवायची नाही. नणंद हसायला लागली तेव्हा म्हणाली, "हास, पन उघाडू नको." विहिरीला लावला तेव्हा मावसभावाने आधी ते परत म्हणून दाखवलं. मग म्हणाला, त्याच्याही फोनवरून ती अशीच आपोआप गेली होती. लोक हसतील म्हणून तो बोलला नाही. जिजी रागावली नाही. "काल का बरं नही सांगं, भाऊ?" एवढंच विचारलं.

सगळे झाले. राहिली एक रंजना. बटणाच्या फोनवर तिला सांगायचं कसं? आणि पत्रिका आईच्या फोटोखाली गेलेली, म्हणजे ती उघडणारच. मी माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. रंजनाने कापला. परत लावला, परत कापला. तिच्यासाठी ते ओळखीचं तोंड नव्हतं. आप्पाने तर तिला कधी फोन केलाच नव्हता, त्याचाही फोटो तिच्याकडे नव्हता. "बरी शिकाडी मी तिले," जिजी म्हणाली आणि पदराने तोंड पुसत बसली. जावई कापडाच्या लूमवर कामाला होता आणि पाळी संपेपर्यंत त्याचा फोन बंद असतो. आप्पाही त्या दिवशी शेतात गेला नाही. जवळच घुटमळत राहिला.

दिवेलागणीला जावयाने माझा मिस कॉल पाहून उलटा व्हिडिओ कॉल केला आणि फोन रंजनासमोर धरला. जिजीचे हात इतक्या वेगाने कधी चालले नव्हते. हार घातल्यासारखं करून ती पुन्हा पुन्हा मान हलवत होती. रंजनाने सगळं पाहून घेतलं आणि मग सावकाश हात हलवले. जिजी हसली आणि लगेच डोळे पुसू लागली.

"काय म्हनस ती?" आप्पाने विचारलं. बहिणीच्या खुणा त्याला पुरत्या येत नाहीत.

"उघाडीच नही तिनी. ती म्हनस, लगीन राहतं तं माय हाते सांगती. पत्रिका कसाले धाडती?"

आप्पा बराच वेळ माझ्या फोनकडे बघत राहिला. रंजनाने त्यालाही काही विचारलं, ते त्याला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने जिजीचा फोन नंदुरबारला नेऊन कोरा करून आणला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, हिला सगळं परत शिकव. सगळे फोटो गेले होते. म्हशीपासून सुरुवात केली.

यंदा रंजनाला मुलगी झाली आणि जिजी सुरतेला राहायला गेली. फोन तिने आप्पाकडे ठेवला. "तठे काय कामना? ती समोरच शे," म्हणाली. निघण्याआधी मला ओट्यावर उभं करून तिने माझा फोटो काढला, रंजनाच्या फोनमध्ये लावायला. मी सहसा कोणाला फोटो काढू देत नाही. माझ्या नंबरावरही कधी लावलेला नाही. तिला काढू दिला.

आठवड्याने मी व्हिडिओ कॉल लावला. रंजनाने पहिल्याच वेळी उचलला.